पडून राहिलेलं नाव

आई, मिक्सरचा तो प्लग आठवतोय ना? शेणव्याच्या आपल्या घरात धड चालणारा प्लग तेवढाच, म्हणून मुरबाडच्या क्लासमधून दिवाळीच्या सुट्टीपुरता मागून आणलेला कंप्युटर मी थेट तुझ्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी मांडला. तो चालू असला की मिक्सर बंद. तू जराही कुरकुरली नाहीस. पाटा-वरवंटा काढलास आणि चटणी वाटता वाटता म्हणालीस, "काय गो, या डब्यात मला वाचता येईल असं काय हाय का नाय?" नव्हतं. सगळं इंग्रजी. आणि तू तर हाती येईल ते वाचणारी, वाण्याने बांधून दिलेली पुडीसुद्धा उलगडून वाचणारी. झालं, माझ्या डोक्यात भूतच शिरलं. कंप्युटर परत जायच्या आत त्यावर तुला मराठी वाचायला लावायचंच.

पण माझ्या प्रोग्रॅममधून मराठी लिहायला गेलं की पडद्यावर नुसते चौकोन उमटत. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की असली कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. जगाच्या पाठीवरचा कुणी अनोळखी माणूस तेवढा तुकडा लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवून देतो, आपण तो आणून बसवायचा आणि आपल्या प्रोग्रॅममधून नावाने हाक मारायची. त्याला मॉड्यूल म्हणतात. हे ऐकून मला आनंदाने वेड लागायचंच बाकी होतं. घरी इंटरनेट कुठलं! जीप पकडून शहापूरच्या सायबर कॅफेत गेले, मॉड्यूल पेन ड्राइव्हवर घेतलं, घरी येऊन बसवायला बसले, तर ते म्हणे आधी अमुक एक दुसरं मॉड्यूल आणा. पुन्हा शहापूर. दुसरं आणलं, तर त्याला तिसरं हवं. तू पदर तोंडाला लावून हसलीस. "बरोबर हाय. मामाला आवतण दिलं का मामी येणारच, न् मामी आली का तिची बहीण. बोलव सगळ्यांना, भात जास्ती लावते."

शेवटी एका दुपारी सगळी वऱ्हाडी मंडळी जमली. बसवणं यशस्वी झालं, अशी इंग्रजी ओळ काळ्या पडद्यावर आली आणि मी अशी किंचाळले की तू पिठाच्या हातांनी धावत आलीस. मी ऐटीत प्रोग्रॅम चालवला. त्याने सांगितलं, तुम्ही म्हणताय ते काम या मॉड्यूलला येत नाही. पुन्हा चालवला, तेच. काढून परत बसवलं, तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्युटर मुरबाडला जाणार होता. मला रडूच फुटलं.

तू पाट ओढून शेजारी बसलीस. "रडतेस काय? हाक कुणाला मारतेस, ते सांग आधी." मी मॉड्यूलचं नाव सांगितलं. "न् तू लिवलंस, त्याचं नाव काय?" तेच! मोठ्या हौसेने मी माझ्या फाइललाही मॉड्यूलचंच नाव दिलं होतं. तू कपाळाला हात लावलास, पीठ लागलं ते अजून दिसतंय मला. "मंग? हाक मारल्यावर घरातलीच ओ देणार ना गो. बाहेरची कशाला येते? यापायीच तर माझं नाव बदललं."

तुझ्या लग्नाची ती गोष्ट मला ठाऊक होती. आत्याचं आणि तुझं माहेरचं नाव एकच. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं, आणि तेव्हापासून तू तीच झालीस. लहानपणापासून मी ते गंमत म्हणूनच ऐकत आले होते. माझा प्रोग्रॅम शहाण्यासारखा बाहेरच्या पाहुणीला सोडून स्वतःलाच हाक मारत बसला होता, हे त्या दुपारी कळलं.

"बदल नाव," तू म्हणालीस. काय ठेवू, मी विचारलं. तू उठून पाट्याकडे वळलीस आणि पाठमोरीच बोललीस, "माझं ठेव की. माहेरचं. पडूनच हाय ते."

ठेवलं. आणि चालला गं आई, पहिल्या फटक्यात चालला! चौकोन गेले, कानामात्रा जिथल्या तिथे, आणि पडद्यावरचा पहिला मराठी शब्द म्हणजे तुझं तेच नाव. तू एकेक अक्षर लावून वाचलंस, जणू दुसऱ्या कुणाचं असावं. मग हळूच म्हणालीस, "पुसू नको एवढ्यात." त्या नादात भात करपला, आणि आपण दोघींनी तो हसत हसत खाल्ला.

आता ऐक, कशासाठी लिहायला बसले ते. मी स्वतःचं मॉड्यूल लिहिलं! मराठी अक्षरांचंच आहे, आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवलंय. नाव तुझं, माहेरचं. तुला सासरी कधी कुणी मारली नाही ती हाक आता कुठकुठली माणसं टाइप करून मारतात, आणि तू ओ देतेस. मागच्या आठवड्यात एका मुलीने कळवलं की बसवलं, पण चालत नाही. पाहते तर तिने तिच्या फाइलला तुझंच नाव दिलेलं! मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. तिला तुझंच उत्तर पाठवलं, शब्दाला शब्द.

तू गेलीस, हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. आत्याला वाटतं, ते नाव तिचं आहे. गावभर सांगत फिरते, भाचीने माझं नाव जगात नेलं. परवा तिचा फोन आला. "खरं सांग, माझंच ना गो?" तिचा आवाज इतका हरखलेला होता की मी हो म्हणून गेले. हाक तुलाच मारली होती आई, पण ओ याही वेळी घरातलीनेच दिली.