संदर्भ : तिकडून

२ मे १९४६, जळगाव

पोहोचले. मेहरूणच्या तळ्यावरून वारा येतो असे बोलावण्याच्या पत्रात लिहिले होते. येतो खरा, पण भट्टीतून सुटल्यासारखा. तरी मी खुशीत आहे. सारी हयात मुलींच्या शाळेत चुका काढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावरही चुका काढायलाच बोलावणे आले!

प्रोफेसर चुडामणराव इथल्या कॉलेजात शिकवतात. खानदेशातल्या गावदेवींच्या नावांवर त्यांनी निबंध लिहिला आहे. पंधरा तारखेला धुळ्याच्या सभेत तो वाचायचा आहे. त्यातले संदर्भ तपासून मी टिपा लिहून द्यायच्या: पुस्तक कोणते, कोणाचे, पान कितवे. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न सांगता वापरणे ही चोरीच. ते माझ्या हाडात मुरले आहे.

गृहस्थ विधुर आहेत. स्वयंपाकाला भिकुबाई. मी मालकांना नावाने हाक मारली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मी लग्न केलेले नाही, तेव्हा जगातल्या सगळ्या पुरुषांची नावे घ्यायला मोकळी आहे, असे तिला सांगितले. म्हणाली, अक्का, तुमनी जीभ भलती धारदार शे. मला ती आवडली.

४ मे

काम माडीवरच्या पुस्तकांच्या खोलीत. वर पत्रा, गजांची एकच खिडकी. दाराला कडी बाहेरून आहे, आतून नाही. असली खोली कोणी बांधली कोण जाणे.

निबंध मात्र सुरेख आहे. मूल आडवे आले की धरणगावच्या बाया देवीला कोणत्या नावाने बोलावतात, रावेरकडच्या विधवा कोणते नाव उच्चारत नाहीत, सगळे आहे. हे एका पुरुषाला कोणी सांगितले असेल?

भिकुबाई सुरई भरून ठेवून गेली. दुपारी पाहते तो कोरडी ठाक. मी घोटही घेतला नव्हता. तिला झापले. तिने देवाची शपथ घेतली.

७ मे

संताप, संताप. नवव्या टिपेत एका पुस्तकाचे पान तीनशे चाळीस दिले आहे आणि पुस्तक दोनशेच्या आतच संपते! दुसऱ्या टिपेतले पुस्तक उघडले, तर ते पूलबांधणीचे निघाले. देवी कुठेच नाहीत. मुलींपैकी कोणी असे केले असते तर बाकावर उभी केली असती. चुडामणरावांना विचारले. म्हणाले, टिपा कोण वाचतो, बाई? तुम्ही अक्षर तेवढे सुवाच्य काढा.

खोट्या टिपा खोडल्या आणि जागा कोऱ्या सोडल्या. जेवून वर आले तर प्रत्येक कोऱ्या जागी एकच शब्द: ‘तिकडून.’ अक्षर माझेच. मी तो लिहिलेला नाही.

उन्हाचा भ्रम असेल. पण तिकडून म्हणजे कुठून? हा काय संदर्भ झाला? तांबड्या शाईने शेरा मारला: ‘मोघम. नाव लिहा.’

९ मे

शेऱ्याखाली उत्तर आले आहे.

‘नाव कसं घेऊ?’

सुरई पुन्हा कोरडी.

१० मे

भिकुबाईला कागद वाचून दाखवला. आधी मला चिडवले: तुमनं लगीन नही व्हयनं, तुमले काय मालूम! बाई नवरानं नाव लेस का? तिकडून म्हणजे नवरा. मग तिचेच हसू विरले आणि तिने सगळे सांगितले.

चुडामणरावांची बायको यशोदाबाई. धुळ्याला शिकलेली मास्तरीण. गावोगाव फिरून बायांकडून ही नावे तिने जमवली. गेल्या वर्षी याच दिवसांत म्हणाली, धुळ्याच्या सभेत मीच वाचणार. नवऱ्याने भिकुबाईला माहेरी धाडले आणि एकटाच धुळ्याला गेला. परतल्यावर सांगितले, बायको तापाने गेली.

भिकुबाईने मला दार दाखवले. आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर, रंग नखांनी खरवडलेला आहे.

मे महिना. पत्रा. पाणी नाही.

१२ मे

सरळ विचारले. प्रत्येक टिपेत यशोदाबाईंचे नाव घालणार की नाही? चुडामणराव हसले. म्हणाले, घरचंच आहे ते, घरच्याला कसला संदर्भ? मग मी दाराचे विचारले. हसणे थांबले. परवाच्या गाडीने निघा, म्हणाले.

मी सगळ्या टिपांत तिचे नाव लिहून कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो फाडला.

फाडू दे. त्याला सोडणार नाही. आम्ही सोडणार नाही.

आम्ही?

१३ मे

घसा सुकतो. किती प्याले तरी सुकतो. पुरावा म्हणून त्याचे नाव इथे स्वच्छ लिहून ठेवते. चु—

हात थांबला. पुन्हा. चु—

लाज वाटते. मला! लाज!

१४ मे

भिकुबाईला सकाळीच माहेरी पाठवलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. पायाला हात लावला, म्हणाली, येस मी, यशोदाबाई.

तिकडून माडीवर येणं झालं, निबंध न्यायला. कडी बाहेरून आहे, ते एक बरं आहे.

जिन्यात बसून लिहिते. भरलेली सुरई मांडीशी—

दुपार. पत्रा तापला. तिकडून दार ठोठावणं होतंय. आधी रागानं. आता—

पाणी मागणं होतंय.

विचारलं, निबंध कोणाचा? तिकडून नाव घेणं झालं. यशोदा. यशोदाबाई. अहो-जाहो करून! उभ्या जन्मात पहिल्यांदा. गोड वाटलं.

पण नुसतं नाव चालत नाही. कोणत्या गावची बाई, काय बोलली, मी कधी गेले होते, ते सगळं हवं. टिपेमागून टीप. आठवत नाही म्हणणं होतंय. आठवेल.

आवाज बारीक होत चाललाय.

घाई नाही. सुरई भरलेली आहे. आता कुठे टीप दुसरी—