पायथनची जुनी आवृत्ती काढताना

बाई, तुमचा ब्रेलचा प्रोग्राम मी काढून टाकणार होते. रागावू नका, आधी ऐकून घ्या. नारायण पेठेतल्या क्लासमध्ये तुम्ही आम्हाला जी मोफत संगणकप्रणाली शिकवलीत, ती जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात आणि त्यांच्यात आता मीही आहे. नोकरी सांभाळून, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या फ्लॅटमध्ये बसून करते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची जुनी आवृत्ती तिच्यातून कायमची काढायचं ठरलं. ती भाषा करणाऱ्यांनीच तिची दुरुस्ती थांबवली होती, त्यामुळे ती ठेवणं धोक्याचं होतं. तिच्यावर चालणारे प्रोग्राम एकतर नव्या आवृत्तीत आणायचे, नाहीतर तेही काढायचे. हे काम माझ्याकडे आलं आणि त्यात तुमचा निघाला, मराठी मजकुराचं ब्रेल करून देणारा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो अजून कुणी वापरत असेल असं मला वाटलं नाही. काढणार असल्याचं जाहीर केलं आणि हरकत असल्यास कळवा म्हणून खाली फोन नंबर दिला.

फोन आला तो अंध मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकेचा. त्या स्वतःही अंध आहेत. "तुम्ही ते बंद करताय म्हणे," त्या म्हणाल्या. "मग जूनमध्ये आमच्या मुलींनी काय वाचायचं, तेही जाहीर करा." आवाज वेगळा, पण धाटणी इतकी तुमची की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हटलं, काढत नाही, नव्या आवृत्तीत आणून देते.

मग तुमचा प्रोग्राम उघडला आणि तो क्लास आठवला. मी माझा पहिला प्रोग्राम चालवून दाखवते आहे. तुम्ही हातातला चहा खाली न ठेवता म्हणता, "चालतोय, ते दिसतंय मला. का चालतोय ते सांगा." मला सांगता येत नाही. "मग हा तुमचा नाही. नशिबाचा आहे." सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावलीत. तेव्हा मला ती शिक्षाच वाटली होती.

जुन्या पायथनला मराठी अक्षर हे अक्षर म्हणून कळत नसे, आकड्यांचे तुकडे दिसत. त्या तुकड्यांची पुन्हा अक्षरं जुळवण्यासाठी तुम्ही पानंच्या पानं लिहिली होती. नव्या आवृत्तीला ते आपसूक कळतं, म्हणून मी भराभर खोडत गेले. प्रोग्राम निम्म्याहून लहान झाला. खुशीत शाळेला पाठवला. तिथल्या त्या बाईंनी एक पान छापून त्यावर बोटं फिरवली आणि फोन केला. "सूर्याचा 'सूरय' केलात. वर्गाचा 'वरग'. मुली हसतायत." जुनी ठिगळं काढताना मी तुमचा रफारही खोडला होता. त्याचा पायथनशी काही संबंध नव्हता, तो मराठीचाच होता. तेवढा भाग तुम्ही लिहिला तसाच परत घातला. शाळेतल्या बाईंनी मला फोनवरच एक धडा वाचून दाखवला, सरळ, कुठेही न अडखळता. शेवटी म्हणाल्या, "आता ठीक आहे."

त्यानंतर जुनी आवृत्ती काढली. ते काम किरकोळ होतं, आणि खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं नाही. तुमचं निम्मं लिखाण आता लागत नाही, हे कळून तुम्हालाही हायसंच वाटलं असतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. प्रोग्राम कोण सांभाळतं, त्या जागी इतकी वर्षं तुमचंच नाव होतं. नियमाप्रमाणे तिथे हयात माणूस लागतो. बाई, ती एक ओळ बदलायला मला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.