नवा नंबर आईने त्यालाही सांगितला

दादा,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून लिहितेय. आईला घेऊन मी निघालेय. तूही घरात थांबू नकोस.

दाराच्या नंबरवाल्या कुलपाची कंपनी आपण बदलली, पण जुन्या कंपनीचा मेकॅनिक काही सुटला नाही. तो न बोलावता यायला लागला म्हणून आपण ती कंपनी सोडली, आणि आई घाबरेल म्हणून तिला सांगितलं की नवीन कंपनी स्वस्त पडते. तिच्या लेखी तो अजून घरचाच माणूस आहे. आज कुलूप अडकलं, नव्या कंपनीच्या फोनवर नुसती गाणी वाजत राहिली, तेव्हा तिने सरळ त्याला बोलावलं. तो लगेच आला. वर तिने त्याला नवा नंबरही सांगून टाकला. मी चिडले तर म्हणते, "अगं, एका हाकेला धावून येतो तो. त्याच्यापासून काय लपवायचं?"

घरातलं काही गेलेलं नाही. पण आईच्या खोलीची आतली कडी मी सहज ओढली, तर ती स्क्रूसकट हातात आली. कुणीतरी स्क्रू सैल करून नीट परत बसवले होते. आईला हे बोलले नाहीये. तो संध्याकाळी पुन्हा येणार आहे, असं ती म्हणाली.

नव्या कंपनीचा फोन मला नंतर लागला, पण नंबर बदलायला त्यांचा माणूस उद्याच येईल.

फोन चालू झाला की मला कर. आम्ही कुठे जातोय ते इथे लिहीत नाही. ही चिठ्ठी तुझ्याआधी त्याच्या हातात पडू शकते.

छोटी