मागच्या सीटवरचं माणूस

आबा, काल धाकट्या नातवाने नवी गाडी दाराशी आणली. सगळे तिच्याभोवती जमले आणि मी दार उघडून आत बसलो, ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबूनच धरला. पेडल खाली तर सरकत नाही ना, ते बघत बसलो. नातू म्हणाला, आजोबा, ती आजच दुकानातून आलीय. तरी मी पाय काढला नाही. माझ्या या सवयीची घरात थट्टा होते, मला तिचं काही वाटत नाही. पण काल तुमची सून हसली नाही. संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिने मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्हाला जाऊन किती काळ लोटला, तरी लिहायला बसलो.

धुळ्यात आग्रा रोडला लागून आपलं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि मागे घर. तुमची एक रीत होती, ती इतर कुठल्या गॅरेजात मी पाहिली नाही. ब्रेकचं काम झालं की गाडी मालकाला द्यायच्या आधी पांझरा नदीच्या उतारावरून खाली न्यायची, आणि ज्याने काम केलं त्याच्या घरचं माणूस मागच्या सीटवर बसवायचं. तुम्ही गाडी चालवायचा आणि मागे आई. ती पदर सावरून, समोर बघत, जराशी पुढे वाकून बसायची. तुम्हाला बाकीचे मिस्त्री हसत, म्हणत, याला बायकोला फिरवायला लोकांच्या गाड्या लागतात. तुम्ही गाडी उताराला लावायचा. तुम्हाला भीती म्हणून कशाची वाटतच नाही, असं मी समजून चाललो होतो. मी मात्र ताकही फुंकून पिणारा. नट आवळला तरी पुन्हा जाऊन हात लावून बघायचो, आणि हे भित्रं पोर आपल्या पोटी कसं आलं, असं तुम्हाला वाटत असणार याची मला खात्री होती.

मग ती डॉक्टरीणबाईंची जुनी विलायती गाडी आली. बाई तिच्यातून साक्रीकडे बाळंतपणं करायला जायच्या, पार डोंगरातल्या गावांपर्यंत. ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू पाताळात जायचं. म्हणजे ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर उघडायचा. तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीच्या खाली, एका बाजूला चासीचा लोखंडी पाट आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सरची नळी, अशा सांदीत बसवलेला. त्याचा एक बोल्ट गंजून मेला होता, त्यामुळे मास्टर बाहेर निघत नव्हता, जागेवरच उघडायचा होता. कोपरापर्यंत हात घातला तर बोटांना त्याचं तोंड लागायचं, डोळ्यांना काही दिसायचं नाही. आणि तुमचं मनगट तेव्हा संधिवाताने सुजलेलं. तुम्ही दोनदा हात घालून पाहिलात, मग पाना माझ्या हातात देऊन बाजूला झालात.

आतला, तेल अडवणारा जुना रबरी कप मी काढला. नवा मुंबईहून मागवलेला, तेवढा एकच. तो हातात घ्यायला निघालो तर तुम्ही मला सरळ स्वयंपाकघरात पिटाळलंत. मी हात रॉकेलने धुतले होते, आणि रॉकेलचा हात लागला की रबर फुगतं. मोरीवर बसून राख आणि साबण लावून मी हात घासत होतो आणि तुम्ही दारात उभे राहून मला फैलावर घेत होता, नव्या सुनेसमोर. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. ती पाणी ओतत होती आणि खाली मान घालून सगळं ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कप ब्रेक ऑइलमध्ये बुडवून मी गाडीखाली शिरलो. आत सरकवताना बोटाला कुठेतरी बारीक अटकाव जाणवला. कपाची पातळ कड आत जाताना दुमडली, तर सुरुवातीला ब्रेक चांगला लागतो, आणि नेमका घाटात दगा देतो. मी खालूनच तुम्हाला सांगितलं, अडकल्यासारखं वाटतंय.

"वाटनं का अडकनं?" तुम्ही विचारलंत.

मला सांगता येईना. कप काढून उजेडात पाहिला, कड शाबूत होती. पुन्हा बसवला, पुन्हा तसंच वाटलं. मी परत काढायला लागलो तेव्हा तुम्ही थांबवलंत, म्हणालात, आता हाताळून हाताळूनच खराब करशील. नळ्यांतली हवा काढली. पेडल टणक लागलं. तुम्ही घराकडे तोंड करून सुनेला हाक मारलीत. आई मावशीकडे चोपड्याला गेली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मी म्हणालो, तिला नको. मी एकटा जातो. तुम्ही आवाज चढवला नाहीत.

"जेना हात आत गया, तेना मानूस मांगे बसाले जोयजे."

ती पिठाचे हात पुसत आली. तुम्ही तिच्यासाठी दार उघडलंत, आत वाकून तिला काहीतरी सांगितलंत, मला वाटलं नीट बस म्हणत असाल. मग काठी टेकत उताराने खाली गेलात आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिलात, माझ्याकडे तोंड करून. मागे बायको आणि पुढे बाप. मी गाडी सोडली. तो उतार मला अजून दिसतो, आबा. गाडी वेग घेते आहे, कडेने कापसाची बैलगाडी चढते आहे, तुम्ही हलत नाही. मी ब्रेक दाबतो. पेडल खाली जातंय की माझा पाय थरथरतोय, ते मला कळत नाही. गाडी तुमच्या हातभर अलीकडे थांबते. तुम्ही बॉनेटवर तळवा ठेवता आणि म्हणता, जाय, गाडी दई ये बाईसले.

बाई त्या गाडीतून साक्रीला जात राहिल्या आणि त्या ज्या दिवशी जात, त्या दिवशी त्या परतल्याचं कळेपर्यंत मला जेवण जात नसे. तुमचा मला राग आला होता. मला शिकवायला तुम्ही तिचा जीव पणाला लावलात, हे मी विसरू शकलो नाही. म्हणून तर जळगावला एका गॅरेजात नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आणि मग तुम्ही गेलात.

काल ती मला म्हणाली, तेव्हा आबांनी मला काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या गाडीत दोन पुढच्या सीटांच्या मधे हँडब्रेकचा दांडा होता, तो तारेवर चालायचा, त्याचा तेलाशी संबंध नव्हता, पायाचा ब्रेक गेला तरी तो लागायचा. मागून जरा वाकलं की हात पोचायचा. "बाई, हाऊ दांडा धरी ठेव," तुम्ही तिला म्हणाला होता. "गाडी थांबनी नही ते वढी ले. तेले सांगू नको." तिने घाबरून विचारलं, सासूबाईंनाही असंच सांगता का? आणि तुम्ही म्हणालात, "दर खेपले."

मी विचारलं, मग ओढलास? ती म्हणाली, नाही, तुम्हीच थांबवली. तिच्या या उत्तराकडे माझं फारसं लक्षच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आई होती, लोकांच्या गाड्यांमध्ये जराशी पुढे वाकून बसलेली, आणि पुढे स्टीअरिंगवर तुम्ही, स्वतःच्या हाताची खात्री न धरणारे.

या पत्राला पत्ता नाही, उद्या बंबात घालीन. एवढंच सांगतो. तुमच्यानंतरही ब्रेकची कामं केली, पण मी मागे कुणाला बसवलं नाही, एकटाच उतारावर जायचो. घरात सगळे त्याला माझं धाडस म्हणतात. खरं म्हणजे, हा दांडा धर, असं तिला म्हणायची माझी कधी हिंमत झाली नसती.