झोळीमागचे दोन ठिपके

मंगळवार, दिवेलागण

चैन पडंना म्हणून लिहिते. माझा भाचा अजय आज शहरातल्या औरंगपुऱ्याहून इथं वैजापूरला आमच्या शेतात पिंगळ्याचे फोटो काढायला आला. हातभर लांब लेन्स. लांब बांधावर पालथा पडला आन् मला म्हणला, "मावशे, तू लिंबाखाली गवत काप. कामाच्या बाईला पाखरू भेत नाय."

"आन् भर उन्हात लाईट कशाला मारतो रे, येड्या?"

"पाखरू खालच्या ढोलीत, सावलीत बसलंय. फ्लॅश नाय मारला तर काळं येतं."

कापलं गवत. नातीची झोळी लिंबालाच बांधलेली.

घरी येऊन त्यानं फोटो मोठे करून दाखवले. पिंगळा झ्याक आलाय. पण माझ्या पाठीमागं, लिंबाला लागून असलेल्या उसात दोन हिरवे ठिपके. म्हणलं, काजवे का रे? दिवसा कुठले काजवे! अजयनं फोटो आणखी मोठा केला. मग हळूच म्हणला, "मावशे, डोळे हायेत. बिबट्याचे."

पुढच्या फोटोत ते दोन ठिपके माझ्यामागं नव्हते. झोळीच्या खालनं दिसत होते. त्याच्या पुढच्यात नुसता ऊस.

मला पान हललेलंबी ऐकू आलं नाय. कसं आलं नाय?

वनखात्याला फोन केलाय, उद्या येत्यात. सुनेला अजून सांगितलं नाय. सांगू तरी कसं? पोरगी झोळीतून मान काढून उसाकडं बघत खिदळत होती, आन् मीच म्हणत होते, बघा बाई, पाखराला हसती.