ह्यांचा मळा

मंगळवार, दिवेलागणीला

आज ह्यांचा मळा पाहावासा वाटला. टीव्हीवरच्या गेममधला. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून लावलेला. त्यात द्राक्षांना छाटणीच नाही म्हणून चिडायचे, "ह्या गेमवाल्यांना एकदा नाशिकला आणा!" म्हणायचे. हे गेल्यापासून मी तो उघडलाच नव्हता. सगळे गेम ज्यात येतात त्या ॲपची दरमहा वर्गणी भरतोय म्हणजे मळा आपलाच, असं धरून चालले होते.

मुग्धाने शोधलं. "आई, तो गेम ॲपवाल्यांनी काढून टाकलाय गं. बाबांचा मळा सेव्ह आहे, पण गेमच नाही तर उघडणार कशात? विकतही मिळत नाही आता."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लायब्ररीचं पुस्तक परत घेताना विचारायच्या, झालं का वाचून? इथे कोणी विचारलंच नाही. की कळवलं होतं, आणि मीच पाहिलं नाही? छाटणी न झालेली ती द्राक्षं एकदाच बघायची होती.

"वर्गणी बंद करू?" मुग्धा म्हणाली.

शहाणपणाचं तेच. पण ते ॲप सुरू केलं की 'कोण खेळतंय?' असं येतं आणि खाली दोन नावं. मुग्धा. बाबा.

"राहू दे," म्हटलं.