वाघजाईचा निवद आणि माझी आखूड गाडी

पवनानगर,
जत्रेचा दुसरा दिवस

ती. भागुआत्यास,

बजरंगचा इथूनच वाकून नमस्कार. (पाय धरायला तुंगार्लीपर्यंत यायची माझी तयारी आहे, पण मागच्या खेपेला तू दार उघडलंस, मला बघितलंस आणि पुन्हा लावून घेतलंस, म्हणून आधी पत्र.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली नुसतीच उशाशी ठेवतेस? सूनबाई आणि पोरं मजेत असतील. आमच्याकडे सगळं खुशाल. म्हैस व्यायली, रेडी झाली. आमच्या मंडळींचा, म्हणजे कस्तुराबाईचा, खोकला बसला, त्यामुळे आता ती पुन्हा अखंड बोलू शकते. तू माझा फोन उचलत नाहीस आणि विठ्ठलचाही उचलत नाहीस. दोन्ही भाच्यांना अगदी सारखं वागवतेस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कालची बातमी अशी आहे की ती पोटात ठेवली तर मला बाधेल.

आत्या, निवद पोचला! वाघजाईच्या पुढ्यात, कपारीत, भर दुपारी, सगळा गाव खाली उभा असताना, आपल्या घरचा निवद पोचला. आणि तो माझ्या गाडीने पोचवला.

आता मागचं थोडं लिहितो. तुला ते तोंडपाठ आहे, पण पत्र सूनबाई वाचून दाखवणार आणि तिला सासूच्या माहेरचा इतिहास एकदा नीट कळलेला बरा. तर सूनबाई, आमच्या वाडीच्या वर कड्यात वाघजाईची कपार आहे. चैत्रातल्या जत्रेला पहिला निवद आमच्या घरचा, आणि तो वर न्यायचा मानही आमच्या घराचा. आता घर म्हणजे कुठलं, तिथेच सगळा घोळ आहे. माझे वडील थोरले, म्हणून मान माझा. पण वडिलांची कंबर धरल्यावर काकांनी, म्हणजे विठ्ठलच्या वडिलांनी, बरीच वर्षं ताट नेलं, म्हणून विठ्ठल म्हणतो वहिवाट त्यांची. दोघेही म्हातारे गेले आणि पुढच्याच जत्रेत आम्ही दोघा चुलतभावांनी एकाच ताटाला एकाच वेळी हात घातला. त्याने ओढलं, मी ओढलं (आधी त्याने), आणि आत्याने पहाटे उठून केलेल्या पुरणपोळ्या ताटासकट करवंदीच्या जाळीत गेल्या. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "ह्यांना दोगांत एक ताट धरता येईना, उद्या माझी तिरडी काय धरत्याल? मला न्यायाला कुनी यायचं न्हाई." आणि जीपची वाट न बघता चालायला लागली. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही.

गावानेही मग हात झटकले. वादातल्या दोन्ही घरांचं पाऊल त्या चढाला लागायचं नाही, असा ठराव झाला. तिसरं कोणी न्यायला तयार होईना, कारण जो नेईल त्याच्याशी आम्ही दोघेही वैर धरू अशी गावाची खात्री. (खात्री योग्य होती.) भिकाजी गुरव एकदा कबूल झाला, तर मी आणि विठ्ठल, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, एका सुरात त्याच्यावर तुटून पडलो. तेव्हापासून भिकाजी सकाळी पूजा करून खाली येतो, निवद पायथ्याच्या पारावर झाकून राहतो आणि तिन्हीसांजेला गाईपुढे जातो. गाय खूश, पण देवी वर उपाशी. खरं सांगतो, मला ते फार लागायचं. भांडण माझं आणि उपास तिला.

आता गाडीचं. धरणाकाठच्या शेतात मी तंबू लावतो हे तुला माहीत आहे. शनिवारी पुण्याहून माणसं येतात, चुलीवरची भाकरी खातात, डासांची तक्रार करतात आणि रविवारी जातात. दिवाळीनंतर असंच एक टोळकं आलं. सगळे पोटं सुटलेले बापे, आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक ट्रक. खेळणं म्हणू नकोस. अंगाने मांजराएवढा, रिमोटवर चालणारा, चारही चाकांना जोर, मऊ रबरी टायर, खाली स्प्रिंगा. तो पळत नाही, हेच त्याचं मोठेपण. दगड दिसला की थांबतो, चाक दाबून अंदाज घेतो आणि सावकाश चढतो. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो होतो तो तसाच हातात धरून गार होईपर्यंत उभा राहिलो.

त्यांच्यातल्या एका साहेबाने हौसेने आपली लांबलचक गाडी वाघजाईच्या चढाला घातली. (गाडीला पाऊल नसतं. मी अडवणार होतो, पण हा विचार आला आणि तोंड मिटलं.) दगडी पायऱ्या ती छान चढली. पण जिथे दोन कातळांमधून वाट एकदम मागे वळते, तिथे गोठ्याच्या दारात आडव्या झालेल्या म्हशीसारखी अडकली. नाक एका कातळाला, शेपूट दुसऱ्याला. साहेब म्हणाले, हा पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराचा खेळ आहे. अंतर कमी असलेली आखूड गाडी इथून सहज वळेल. आत्या, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. भात झोडपताना मी अंतर मोजायचो.

शिमग्याच्या आधी खोकं आलं. हिरवी गाडी, मागे सुटं चाक, दारं उघडणारी, आत इवलंसं स्टिअरिंग, आणि टपावर सामान बांधायला लोखंडी जाळी. दोन चाकांमधलं अंतर बरोबर माझी एक वीत. मी स्वतः वीत लावून बघितली, मग खात्रीसाठी कस्तुराबाईची लावली. तिने गाडीला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याच्यात शेणाची पाटी मावती का?" मावत नाही म्हटल्यावर ती आत निघून गेली आणि तिच्या लेखी विषय संपला.

मग माझा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी गाडी उकिरडा चढली. दुसऱ्या दिवशी पेंढ्याची गंजी चढली आणि पलीकडे कस्तुराबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरली. (कुरडयांवर टायरची नक्षी फार सुबक उठली होती. तळल्यावर ती आणखी फुलते, पण हे कौतुक घरात ऐकून घ्यायला कोणी नव्हतं.) आमचा कोंबडा तिच्यावर धावून जायचा, मग हार मानून तिच्याच टपावर बसून फिरायला लागला. एकदा ती उतारावरून थेट धरणाच्या पाण्यात गेली. मी कपड्यांसकट मागोमाग. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, म्हणून गाडी तांदळाच्या डब्यात पुरली. ती वाळली, पण भाताला बरेच दिवस ग्रीसचा वास येत होता. पाव्हणे येऊन जेवले आणि इंद्रायणी तांदूळ हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही म्हणाले. मी मान डोलावली.

जत्रेच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि विचारलं, ठराव पावलाचा आहे ना? मग चाक चालेल का? गाडी पारावर ठेवून मी ती सरपंचांच्या चपलेवरून, पिशवीवरून आणि शेवटी गुडघ्यावर चढवून दाखवली. विठ्ठल अर्थातच उठला. (तो कामशेतची वडाप, म्हणजे सीटं भरून माणसं नेणारी, जीप चालवतो, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूवर तो आपला हक्क समजतो.) मला नव्हे, भिकाजीकडे बघून तो म्हणाला, "त्याला सांग, आखूड गाडी वळती ब्येस, पर उभ्या चढाला मागं उलटती. आनि गाडी त्याची आसंल, तर निवद आमच्या घरचा पायजे. वर अख्खा नारळ, शेंडीसकट." मीही भिकाजीकडेच बघून मंजूर म्हटलं. भिकाजीची मान त्या बैठकीत इतक्यांदा इकडून तिकडे वळली की दुसऱ्या दिवशी त्याला शेक घ्यावा लागला.

आणि काल! हलगी वाजतेय, बाया-बापड्या पायथ्याला, गाडीच्या कपाळावर कुंकू, टपाच्या जाळीत विठ्ठलच्या घरचा निवद पितळी ताटलीत फडक्याने बांधलेला, त्याच्यावर नारळ. रिमोट माझ्या हातात. सुरुवात अशी देखणी झाली की म्हातारी माणसंसुद्धा गाडीला हात जोडत होती. एकेक पायरी चढायची, थांबायची, नारळ डुलायचा, लोक श्वास धरायचे, पुन्हा चढायची. पण पायऱ्या संपल्या की वाट कातळाआड जाते आणि खालून काही दिसत नाही. म्हणून मला बाजूच्या टेपाडावर जाऊन उभं राहायची परवानगी मिळाली, आणि मी काही लबाडी करू नये म्हणून पहारेकरी कोण, तर विठ्ठल. खाली गाव, वर देवी, आणि मध्ये आम्ही दोघेच, कोणालाही न दिसणारे. निवद पोचला की कपारीतली घंटा वाजेल, ही खूण ठरली.

वळणापाशी मी गाडी थांबवली. मला गाडीची एकच बाजू दिसत होती, दुसरी फक्त विठ्ठलला दिसत होती. भिकाजी तिथे नव्हता. विठ्ठलने घसा खाकरला, आणि करवंदीच्या जाळीनंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला, "डावीकडं घे. आजून. थांब. आता सोड." आत्या, ती वीतभर गाडी त्या दोन कातळांमधून कशी वळली म्हणून सांगू! जिथे त्या साहेबाची लांब गाडी कुंथत होती, तिथे ही अंग चोरून फिरली आणि नाक वर करून उभी राहिली. मला वाटलं, इतक्या वर्षांचं सगळं या एका वळणासाठीच होतं.

त्यापुढचा तपशील लिहीत बसत नाही, कारण कागद संपत आला आहे. घंटा वाजली. चांगली खणखणीत, तीनदा. (टप घंटेच्या दोरीत अडकला असावा.) खाली एकच जल्लोष झाला. गाडी परत आली तेव्हा तिच्यावर इतका गुलाल पडला की हिरवा रंग कुठे दिसेना. कस्तुराबाईने स्वतः तांब्या आणून चाकांवर पाणी घातलं आणि ओवाळलं. आज सकाळी फाट्यावर फ्लेक्सही लागला. त्यात मध्ये गाडी मोठी, कोपऱ्यात सरपंच, आणि मी गाडीच्या मागच्या चाकाजवळ. माझं निम्मं तोंड टायरने झाकलंय, पण कान ओळखू येतो. सरपंचांनी जाहीर केलं आहे की यापुढे मान दोन्ही घरांचा नाही, गाडीचा. आयुष्यात एखादा दिवस असा येतो आत्या, की माणसाला वाटतं आपण जन्माला आलो ते बरं झालं. काल माझा तो दिवस होता.

सूनबाईंना आशीर्वाद. तू राग सोडलास की नाही, तेवढं दोन ओळींत कळव.

तुझा लाडका (एके काळचा)
बजरंग

ता. क. विठ्ठल आत्ता इथेच ओट्यावर बसून चहा पितोय. तू बातमी ऐकून माहेरी येशील का, असं सारखं विचारतोय. पत्र वाचायला मागतोय. मी देणार नाही.

ता. क. २. दिलं. वाचताना दोनदा हसला, नको त्या ठिकाणी. खाली चार ओळी लिहिणार म्हणतो. त्याचं अक्षर वाईट आहे आणि त्याच्यावर फार विश्वास ठेवू नकोस.

आत्या, विठ्ठलचा नमस्कार. बज्यानं लिवलंय ते वळनापतुर समदं खरं हाय. वळन गाडीनं लय झ्याक घेतलं, म्या डोळ्यानं बगितलं, खोटं कशाला बोलू. पर फुडच्या उभ्या टप्प्याला ती मागं उलटली, चाकं आभाळाकडं, म्या बैठकीत सांगितलं तशीच. नारळ गडगडत खाली आला. ताटली बांदल्याली म्हून निवद वाचला. बज्या रिमोट छातीशी धरून रडाया लागला. खालनं लोकं वरडत व्हती, वाजली का, वाजली का. माझा बी जीव राहिना. म्या म्हनलं, चल. टेपाडावरनं त्या कातळावर येक ढांग हाय. दोगं बी गेलो. त्यानं गाडी उचलली, म्या नारळ घेतला, निवद दोगांनी मिळून देवीफुडं ठेवला. घंटा म्या वाजवली. ट्रकाला घंटा वाजवाया हात कुटनं आलं, हे गावात येकानं बी इचारलं न्हाई.

आता आमी दोगांनी मिळून आख्ख्या गावाला फशिवलंय, तवा आमाला भांडायची सोय ऱ्हायली न्हाई. येकानं तोंड उगाडलं की दुसऱ्याचं बी नाक जातंय. रैवारी जीप घेऊन दोगं येतो. दार लावलंस तर भाईर बसून ऱ्हाऊ. फुडल्या जत्रंला रिमोट तू धर. तू दोनी घरांची लेक हाईस, तुला कोन अडवनार? तू खाली पारावर खुर्चीत बस आनि पायजे ती बटनं दाब. गाडी उलटू दे न्हाईतर पडू दे. वर कातळाआड आमी दोगं बसल्यालो आसू.